बॉल अंगावर आला, मग पिचर बाहेर कधी?

शालेय बेसबॉलचे तालुका आणि जिल्हा सामने आटोपले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत तक्रारी वाढतात. या वेळी बहुतेक पत्रं एकाच गोष्टीवर आहेत: पिचरचा (बॉल टाकणाऱ्याचा) बॉल बॅटरला लागला, पंचांनी पिचरला बाहेर काढलं किंवा काढलं नाही, आणि त्यावरून मैदानावर तोंडातोंडी झाली. म्हणून हा अंक याच प्रश्नांना दिला आहे. उत्तरं बेसबॉलच्या अधिकृत नियमपुस्तकावर बेतलेली आहेत. स्पर्धेच्या आयोजकांनी लेखी सूचना वेगळी दिली असेल, तर तिथे तीच चालते.

प्रश्न : माह्या पोराले परवाच्या मॅचमंदी हेल्मेटवर बॉल लागला. पिचर तिथंच उभा राहून हासत होता. अंपायरनं पोराले पह्यल्या बेसवर धाडलं अन् खेळ सुरू. त्या पिचरले बाहेर काहाडाले पाहिजे होतं का नाही? (एक पालक, चांदूर बाजार तालुका)

आधी मुलाचं बोलू. हेल्मेटवर बॉल लागल्यावर मुलगा ‘काही नाही झालं’ म्हणाला तरी त्या दिवशी त्याला पुन्हा खेळवायचं नाही. पुढचे २४ तास त्याच्यावर लक्ष ठेवायचं. वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी, असंबद्ध बोलणं, झटका किंवा दोन डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसणं, यातलं एकही लक्षण दिसलं तर तडक दवाखाना. पहिला बेस त्याच्या हक्काचा होता हे खरं, पण तिथवर त्यानेच पळावं असं नियम म्हणत नाही. जखमी बॅटरच्या जागी बदली धावपटू देता येतो. हे ठाऊक नसल्यामुळे कित्येक मुलं चक्कर येत असताना बेसवर उभी केली जातात.

आता पिचरबद्दल. बॅटरला बॉल लागणं हा एवढ्यावरून बाहेर काढण्याचा गुन्हा होत नाही. त्याची भरपाई म्हणून पहिला बेस मिळतो. पिचरला बाहेर काढायचं ते बॉल मुद्दाम अंगावर टाकल्याबद्दल, आणि मुद्दाम होता की नाही हे पंचांनी आपल्या समजुतीने ठरवायचं असतं. इजा किती झाली यावर ते ठरत नाही. १६ ऑगस्ट १९२० रोजी न्यूयॉर्कमध्ये कार्ल मेजचा बॉल क्लीव्हलँडच्या रे चॅपमनच्या डोक्याला लागला आणि दुसऱ्या दिवशी चॅपमन दगावला. अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये बॉल लागून मृत्यू झालेला तो एकमेव खेळाडू. बॉल इतक्या जोरात उसळून परत आला की तो बॅटला लागला असं समजून मेजने उचलून पहिल्या बेसकडे फेकला. तो अपघातच धरला गेला.

पिचर हसला म्हणून त्याला दोषी धरता येईल का? एकट्या हसण्यावरून नाही. पंधरा-सोळा वर्षांची पोरं घाबरली तरी हसतात. पण डोक्याच्या बाबतीत नियमपुस्तकाची भाषा कडक आहे. डोक्यावर बॉल टाकणं अत्यंत धोक्याचं आहे आणि पंचांनी कारवाई करताना कचरू नये, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. ‘बाहेर काढणं’ आणि ‘काहीच न करणं’ यांच्या मध्ये दोन्ही संघांना ताकीद देण्याचा एक मार्ग असतो. हेल्मेटवर बॉल लागून, पिचर हसताना दिसूनही पंच एक अक्षर बोलले नसतील, तर ते आम्हाला चुकीचं वाटतं. पंच गप्प राहिले की पुढच्या डावात दुसरा संघ आपला हिशेब आपणच चुकता करतो.

प्रश्न : मी शारीरिक शिक्षण शिक्षक आहे आणि तालुका पातळीवर पंच म्हणून उभा राहतो. बॉल मुद्दाम टाकला की हातून सुटला, हे ओळखायचं कसं? सगळे म्हणतात ‘तुमच्या मनाने ठरवा’. पण मनाने म्हणजे कशाने? (दारव्हा, जि. यवतमाळ)

तुमचा प्रश्न सर्वांत कामाचा आहे. मन वाचता येत नाही, पण खुणा वाचता येतात, आणि यातल्या निम्म्या खुणा बॉल सुटण्याच्या आधी दिसतात. बॉल लागल्यावर आठवायला बसलात तर उशीर झालेला असतो.

पहिली खूण कॅचरची, म्हणजे बॅटरच्या मागे बसून बॉल झेलणाऱ्याची. तुम्ही त्याच्या पाठीशी वाकून उभे असता, म्हणून ही तुमच्याइतकी कोणालाच दिसत नाही. कॅचरने ग्लोव्ह प्लेटच्या (बॅटरसमोर जमिनीत बसवलेल्या पाटीच्या) बाहेरच्या कडेला धरलाय आणि बॉल आत आला, तर कॅचर आडवा झेपावतो. त्याची धडपड बघा. ती खरी असेल तर बॉल बहुधा सुटलेला आहे. कॅचर आधीपासूनच बॅटरच्या बाजूला सरकून बसला असेल, किंवा बॉल येत असताना ग्लोव्ह हललाच नाही, तर आत येणार हे त्याला ठाऊक होतं. मात्र आतल्या कडेवर बॉल मागणं हा खेळाचा भाग आहे. त्यामुळे एवढ्यावरून फासावर लटकवू नका.

दुसरी खूण बॉलच्या जातीची. मुद्दाम मारलेला बॉल जवळपास नेहमी फास्टबॉल असतो. बोटांतून निसटलेला मंद कर्व्ह (वळणारा बॉल) खांद्यावर टपकला, तर त्यात राग शोधू नका.

तिसरी गोष्ट, बॉल कुठे गेला. मांडीवर किंवा पोटरीवर बसलेला बॉल वेगळा आणि पाठीमागून गेलेला वेगळा. बॅटरच्या मागे टाकलेला बॉल सर्वांत वाईट, कारण बॅटर सहज प्रवृत्तीने मागे सरकतो, म्हणजे बॉलच्या वाटेतच जातो. तो लागला नाही तरी कारवाई करता येते. नियमातला शब्द ‘बॅटरवर पिच टाकणं’ असा आहे, बॅटरला लागणं असा नाही. हे पुष्कळ पंचांच्या लक्षात राहत नाही. बॉल हुकला की ते सुटकेचा श्वास घेऊन पुढचा बॉल मागवतात.

चौथी, सामन्याची स्थिती. शेवटचा डाव, बरोबरी, तिन्ही बेस भरलेले. अशा वेळी बॅटरला मारणं म्हणजे समोरच्याला फुकट रन देणं. असं कोण करेल? उलट आठ रनांची आघाडी, दोन बाद, पहिला बेस मोकळा, आणि समोर मागच्या खेपेला होमरन मारून बॅट भिरकावणारा बॅटर असेल, तर मारणं स्वस्तात पडतं. तिथे सावध राहा.

पाचवी, मागचा हिशेब. आधीच्या डावात या पिचरच्या संघातल्या बॅटरला बॉल लागला होता का? दुसऱ्या बेसवर कोणी मुद्दाम अंगावर सरकलं का? दोन्ही शाळांचं गेल्या वर्षीपासून बिनसलंय का? होम प्लेटचे पंच आणि बेस पंच यांनी डावाच्या मध्ये या गोष्टी एकमेकांच्या कानावर घालायच्या. बेसवर झालेली कुजबुज बेस पंचाला ऐकू येते, प्लेटच्या पंचाला नाही.

सहावी, पिचरचा त्या दिवसाचा हात. त्याने आधीच चार जणांना वॉक (चार चुकीच्या बॉलांवर फुकट पहिला बेस) दिला असेल आणि बॉल कुठेही जात असेल, तर लागलेला बॉल त्याच माळेतला. पाच डाव सुईत दोरा ओवावा तसं टाकणाऱ्या पिचरचा पहिलाच बॉल नेमका त्या बॅटरच्या बरगडीत गेला, तर गोष्ट वेगळी.

शेवटची खूण, नंतरचं वागणं. पिचर बॅटरकडे रोखून बघत पुढे आला का, त्याच्या डगआउटमधून (संघाच्या बसायच्या जागेतून) ‘शाब्बास’ निघालं का. बॉल लागल्याक्षणी बहुतेक जण बॅटरकडे बघतात. तिथे कॅचर आणि प्रशिक्षक आहेतच. तुम्ही दोन सेकंद पिचर आणि त्याच्या डगआउटकडे बघा.

यातली एकटी खूण पुरेशी नसते. तीन-चार एकाच दिशेला बोट दाखवू लागल्या की निर्णय घ्या, आणि मग मागे हटू नका. नियम ६.०२ (सी) (९) तुम्हाला दोन वाटा देतो: पिचरला, किंवा पिचर आणि मॅनेजर (संघाचा मुख्य प्रशिक्षक) दोघांनाही थेट बाहेर काढणं, अथवा दोन्ही संघांना ताकीद देणं. थेट बाहेर काढायला आधी ताकीद दिलेली असलीच पाहिजे, असं कुठेही लिहिलेलं नाही.

ताकीद आणि हकालपट्टी दोन्ही असूनही सामना हाताबाहेर कसा जातो, हे १२ ऑगस्ट १९८४ च्या अटलांटा आणि सॅन दिएगो सामन्यात दिसलं. अटलांटाच्या पास्कुअल पेरेझने सामन्याच्या पहिल्याच बॉलवर अ‍ॅलन विगिन्सला मारलं. त्यानंतर पेरेझ बॅटिंगला आला की सॅन दिएगोचे पिचर त्याच्यावर नेम धरत राहिले. एक पिचर बाहेर गेला, मॅनेजर बाहेर गेला, तरी पुढचा पिचर तेच करत होता. शेवटी आठव्या डावात क्रेग लेफर्ट्सने त्याला गाठलंच, आणि मोठी हाणामारी झाली. ज्या संघाने एकामागून एक माणूस गमावायची तयारी ठेवली आहे, त्याला नुसत्या ताकिदीने नव्हे तर लवकर थांबवावं लागतं.

प्रश्न : दोन्ही संघांना वॉर्निंग दिली होती. पुढच्याच डावात एका पिचरचा कर्व्ह निसटून बॅटरच्या पाठीला लागला. ‘वॉर्निंगनंतर लागला म्हणजे बाहेर’ असं म्हणत एक शाळा अडून बसली. मी काढलं नाही. बरोबर केलं ना? (एक पंच, लोणार)

बरोबर केलंत. ताकीद दिल्यावर ‘तसाच दुसरा बॉल’ आला तर तो पिचर आणि त्याचा मॅनेजर लगेच बाहेर, असा नियम आहे. ‘तसाच’ म्हणजे मुद्दाम टाकलेला. ताकिदीनंतरही मुद्दाम की चुकून हे तुम्हीच ठरवायचं. फरक इतकाच की आता संशयाचा फायदा कमी मिळतो आणि निर्णय सौम्य करायची मोकळीक उरत नाही. मुद्दाम ठरला तर पिचर एकटा जात नाही, मॅनेजरही जातो.

ताकीद नीट द्यावी लागते. ‘टाइम’ पुकारा. पिचरकडे बोट दाखवा, मग एका डगआउटकडे, मग दुसऱ्या. दोन्ही मॅनेजरांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने एकच वाक्य बोला: “दोन्ही संघांना ताकीद, पुन्हा असा बॉल आला तर पिचर आणि मॅनेजर बाहेर.” बेस पंचाला खूण करा, डाव आणि वेळ टिपून ठेवा. यावर वाद घालायला कोणी मैदानात आलं, तर आधी थांबायला सांगा. तरी येत राहिला तर तोही बाहेर. ताकिदीवर हुज्जत घालता येत नाही.

पण ताकीद रेवडीसारखी वाटू नका. ती दिली की दोन्ही बाजूंचे पिचर आतल्या कडेवर टाकायला कचरतात आणि बॅटर प्लेटला बिलगून उभे राहतात. शिवाय ज्या संघाने मार खाल्ला त्याच्या मनात येतंच की मारही आम्हीच खाल्ला अन् ताकीदही आम्हालाच. ही तक्रार खोटी नाही. म्हणून लागलेल्या प्रत्येक बॉलवर ताकीद नको. जिथे सूड उगवला जाईल असं दिसतं, तिथे हवी. दोन संघांचं वैर आधीच माहीत असेल तर सामना सुरू होण्यापूर्वीही ती देता येते.

प्रश्न : समोरच्या बॅटरने कोपर मुद्दाम बॉलमध्ये घातलं. पंचांनी त्याला पहिला बेस दिला आणि वर आमच्या पिचरला झापलं. असं चालतं का? (एक प्रशिक्षक, हिंगणघाट)

बेस देणं चूक असू शकतं. बॉल लागल्यावर पंचांनी ओळीने तीन गोष्टी बघायच्या. बॅटरने बॅट फिरवली होती का? फिरवली असेल तर तो स्ट्राइक, लागला तरी. नसेल, तर लागला तेव्हा बॉल स्ट्राइक झोनमध्ये (प्लेटवरच्या, साधारण गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या पट्ट्यात) होता का? असेल तर तोही स्ट्राइक, बॅटरने टाळायचा प्रयत्न केला असो वा नसो. झोनच्या बाहेर होता, मग बॅटरने टाळायचा प्रयत्न केला का? केला नसेल तर तो नुसता ‘बॉल’ (चुकीचा टाकलेला पिच) मोजायचा आणि बॅटर प्लेटवरच राहतो. तिन्ही बाबतीत बॉल डेड होतो, म्हणजे खेळ थांबतो, धावपटू आपल्या जागी परत.

लॉस एंजेलिसचा पिचर डॉन ड्रायस्डेल सलग रन न देण्याच्या मालिकेत असताना ३१ मे १९६८ रोजी तिन्ही बेस भरलेले होते आणि बॉल डिक डिएट्झला लागला. रन आत आल्यासारखाच होता. पंच हॅरी वेंडेलस्टेड यांनी डिएट्झने टाळायचा प्रयत्नच केला नाही असं ठरवून त्याला परत बोलावलं. पुढे तो झेलबाद झाला आणि मालिका ५८ डाव व दोन बादांपर्यंत लांबली. उलट २० जून २०१५ रोजी पिचर मॅक्स शर्झरचा निर्दोष सामना (एकाही बॅटरला बेसवर पोहोचू न देता) पूर्ण व्हायला एक बाद उरला असताना बॉल होसे तबाताच्या कोपराला लागला. तबाताने कोपर पुढे केलं यावर पुष्कळ बोललं गेलं, पण बेस दिला गेला. वेंडेलस्टेड यांच्यासारखा निर्णय देणारे पंच विरळच.

आणि हो, हात हा बॅटचा भाग नसतो. आमच्याकडच्या मैदानांवर हा गैरसमज अजून पक्का आहे. बॅट न फिरवता बोटांना बॉल लागला तर तो अंगालाच लागला.

प्रश्न : मी उजव्या हाताचा पिचर आहे, १७ वर्षांखालील गटात खेळतो. उजव्या हाताच्या बॅटरांना माझे बॉल सारखे लागतात. मी मुद्दाम टाकत नाही, पण आता पंच माझ्याकडे संशयाने बघतात. काय करू? (अहेरी, जि. गडचिरोली)

कारण बहुधा तुमच्या डाव्या खांद्यात आहे. तो लवकर उघडला की उजवा हात मागे राहतो आणि बॉल वर आणि आत, म्हणजे थेट उजव्या बॅटरकडे, पळतो. थकल्यावर हे वाढतं. पाय पडायच्या क्षणापर्यंत डावा खांदा कॅचरच्या रोखाने ठेवा.

दुसरं म्हणजे पाय पडतो ती जागा बघा. काळ्या मातीच्या मैदानात दोन डावांत तिथे खळगा होतो. पाय खोल गेला की बॉल उशिरा सुटतो किंवा भलतीकडे जातो. दर दोन डावांनी त्यात मुरूम घालून पाणी शिंपा आणि धुमस करा. घामाने बॉल निसटत असेल तर हाताला राळेची पूड चालते. बॉलला पूड किंवा माती लावणं मात्र नियमाबाहेर आहे.

सरावासाठी बारदान्यात कुटार भरून माणसाएवढा पुतळा करा आणि बांबूला बांधून बॅटरच्या चौकोनात रोवा. चौकोनाची आतली रेघ प्लेटपासून ६ इंच, म्हणजे साधारण १५ सेंटिमीटरवर असते. पुतळा तिला चिकटून हवा. मग पूर्ण अंतरावरून, म्हणजे १८.४४ मीटरवरून, आधी निम्म्या वेगाने फक्त बाहेरच्या कडेवर टाका. पुतळ्याला लागणं थांबलं की वेग वाढवा. ताशी १३० किलोमीटरचा बॉल जेमतेम अर्ध्या सेकंदात पोहोचतो, त्यामुळे समोरच्या पोराकडे टाळायला वेळ नसतोच.

संशयाचं म्हणाल, तर बॉल लागल्यावर टोपीला हात लावून किंवा हात उंचावून माफी दाखवा, आणि जागेवरून हलू नका. बॅटरच्या दिशेने दोन पावलं टाकली तर ती माफीसाठी होती हे पन्नास फुटांवरून कोणालाच कळत नाही.

प्रश्न : बाहेर काढलेल्या शाळकरी मुलाला पाठवायचं कुठे? आणि प्रशिक्षकालाच काढलं तर संघासोबत कोण? (मेहकर, जि. बुलढाणा)

नियमानुसार त्याने मैदान ताबडतोब सोडायचं, आणि बसायचंच असेल तर आपल्या डगआउटपासून दूर, प्रेक्षकांत. पण अल्पवयीन मुलाला एकट्याला गेटबाहेर धाडू नका. संघासोबतच्या दुसऱ्या शिक्षकाच्या ताब्यात द्या. एकच शिक्षक आला असेल आणि तोच बाहेर जात असेल, तर आयोजकांपैकी मोठ्या माणसाला संघाजवळ बसवून मगच खेळ सुरू करा. ही व्यवस्था सामन्याआधीच्या बैठकीत ठरवून ठेवली की भर गोंधळात शोधाशोध होत नाही.

खेळ चालू असताना काढायची वेळ आली, तर तो प्ले संपेपर्यंत थांबा. नवा पिचर अचानक उभा राहत असल्याने त्याला अंग मोकळं करायला गरजेपुरते बॉल द्या. इथे घाई करणं म्हणजे पुढच्या बॅटरला धोक्यात घालणं. आणि संघ नऊच खेळाडू घेऊन आला असेल तर एक जाताच आठ उरतात. मग सामना ९-० ने समोरच्याला.

अहवाल सामना संपल्यापासून १२ तासांच्या आत द्यायचा, शिवीगाळ किंवा पंचांवर हात उचलल्याचं प्रकरण असेल तर ४ तासांत. त्यात डाव, किती बाद, कोणते बेस भरलेले, कितवा बॉल, कुठे लागला, आधी ताकीद दिली होती का आणि कोण काय बोललं, ते त्याच शब्दांत लिहा. ‘गैरवर्तन केले’ एवढंच लिहिलेला अहवाल पुढे टिकत नाही.

थोडक्यात

*टप्पा पडून लागलेला बॉल (अंजनगाव सुर्जी) :* टप्पा पडून लागला तरी बेस मिळतो, बाकीच्या अटी त्याच.

*क्रिकेटमधल्या बीमरसारखंच आहे का? (वाशीम) :* तिथे धोकादायक बीमर टाकणारा गोलंदाज ताकिदीनंतर त्या डावात गोलंदाजीला मुकतो, पण क्षेत्ररक्षण करू शकतो. बेसबॉलमध्ये बाहेर म्हणजे सामन्यातूनच बाहेर.

*छातीवर बॉल लागून मुलगा कोसळला तर? (तुमसर) :* हाक मारून प्रतिसाद नाही आणि श्वास नीट नाही असं दिसलं, की एकाने १०८ ला फोन करायचा आणि दुसऱ्याने त्याच क्षणी छातीच्या मध्यभागी दाब द्यायला लागायचं, मिनिटाला १०० ते १२०, मोठ्या मुलात साधारण ५ सेंटिमीटर खोल. रुग्णवाहिका येईपर्यंत थांबायचं नाही, दमलात तर माणूस बदला. पिचरचं काय करायचं ते नंतर बघता येतं.

*दोन्ही डगआउट मैदानात उतरले तर? (पुसद) :* पंचांनी मध्ये घुसून ओढाताण करू नये. थोडं मागे उभं राहून कोण पहिला धावला, कोणी हात उचलला, त्यांचे शर्टावरचे क्रमांक टिपायचे. दोघे पंच असतील तर एकाने एक संघ वाटून घ्यायचा. सगळे परत गेल्यावर क्रमांक पुकारून बाहेर काढायचं, आणि तेव्हा दोन्ही प्रशिक्षक समोर उभे हवेत.